महॉगनी फर्निचर, इंग्लिश
अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये महॉगनीच्या लाकडातून घडवलेले घरगुती फर्निचर. त्याआधी तेथील श्रीमंत घरांत अक्रोडाच्या लाकडाची चलती होती. 1721 मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतील आपल्या वसाहतींच्या लाकडावरचा आयातकर उठवला आणि जमैकाची महॉगनी लंडनला येऊ लागली. पुढे क्यूबा व होंडुरासकडूनही आली. वसाहतींत ही झाडे तोडण्याचे काम मुख्यतः आफ्रिकी गुलामांकडून करून घेतले जाई. दिवाणखान्यांच्या वर्णनांत त्याचा उल्लेख सहसा नसतो.

हे लाकूड सुतारांच्या पसंतीला उतरले ते गुणांमुळे. फळ्या इतक्या रुंद निघत की जेवणाच्या टेबलाचे एक पान एकाच फळीत होई. ते सहसा पीळ खात नाही, कीडही कमी लागते, आणि दाट रेषांमुळे बारीक कोरीवकाम न तुटता टिकते. खुर्चीच्या पाठीवरची लाकडी रिबनची गाठ किंवा पंजात गोळा पकडलेला बाकदार पाय यामुळे नीट कोरता येई.

यॉर्कशरमधील ऑटली गावचा टॉमस चिपेंडेल (1718–1779) याने 1754 मध्ये ‘द जंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डिरेक्टर’ हे नमुन्यांचे पुस्तक काढले. ते पाहून इतर कारागीरही तशाच खुर्च्या करू लागले. त्यामुळे बाजारात ‘चिपेंडेल’ म्हणून खपणाऱ्या बहुतेक वस्तूंना त्याच्या कारखान्याचा वाराही लागलेला नसतो. नॉस्टेल प्रायरी, हेअरवुड हाउस या हवेल्यांतल्यासारखी जुनी बिले असली, तरच खात्री देता येते. जॉर्ज हेपलव्हाइटचे असेच पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1788 मध्ये निघाले. टॉमस शेरेटनचे 1791 पासून. मालावर नाव घालण्याची रीत तेव्हा नव्हतीच म्हणायची; लँकेस्टरची गिलो पेढी मात्र शतकाच्या अखेरीस ड्रॉवरच्या कडेवर आपला ठसा मारू लागली.

जुनेपण पारखायचे तर ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा करावा. हाताने कापलेले डव्हटेल सांधे थोडे कमीजास्त असतात. आतल्या पातळ फळ्या चांगल्या कामात बहुधा ओकच्या. हातकरवतीचे व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा) जाड, एकोणिसाव्या शतकातले यंत्राचे पातळ. काचेसारखी चमक दिसली तर सावध राहावे. लाखेचे फ्रेंच पॉलिश इंग्लंडमध्ये रुळले ते एकोणिसाव्या शतकात. त्याआधी तेल, मेण किंवा वॉर्निश वापरीत. नंतरच्या मालकांनी कितीतरी जुन्या वस्तू तासून, घासून चकचकीत केल्या. अशा वस्तूपेक्षा डाग-ओरखड्यांसह मूळ पृष्ठभाग टिकलेली वस्तू संग्राहक अधिक मोलाची मानतात, आणि ते योग्यच आहे.