बागेतले खातेदार

पनवेलची थंडी म्हणजे घाईतला पाहुणा. ‘नको, चहा नको, निघालेच,’ असं म्हणत जेमतेम ओटीवर टेकते आणि आपण स्वेटर शोधून काढेपर्यंत फाटकाबाहेर पडलेलीही असते. माघातल्या एखाद्या सकाळी अंगणात आलं की मोहराचा वास येतो आणि कळतं, गेली! त्या दिवसापासून आमच्या ओळीतली माणसं चहाचे कप घेऊन कुंपणाशी जमू लागतात. घरात खुर्च्या सगळ्यांच्याच आहेत. पण बागेच्या गप्पा बसून होत नाहीत. त्या कुंपणावर कोपर टेकूनच व्हाव्या लागतात.

जुन्या पनवेलात, वडाळे तलावापासून हाकेच्या अंतरावर आमची ही चार बैठ्या घरांची ओळ. प्रत्येक घरापुढे दोन सतरंज्या अंथरता येतील एवढी जमीन. तिला आम्ही ‘बाग’ म्हणतो, हा आमचा मोठेपणा. उजवीकडे अण्णा, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. डावीकडे आजी. त्यांच्या पलीकडे चाचा, एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. आणि मधे मी. बी.कॉम., बँकेत कारकून. कऱ्हाडहून बदली होऊन इथे आलो तेव्हा जमिनीत पैसे गुंतवतात एवढंच ठाऊक होतं, झाडंही लावतात हे आजींनी शिकवलं. पहिल्याच दिवशी कुंपणावरून मान काढून त्यांनी विचारलं होतं, “घाटावरचे का?” ‘ताप आहे का?’ ह्या सुरात. मी हो म्हणताच ऑइलपेंटच्या जुन्या डब्यात लावलेलं मोगऱ्याचं रोप माझ्या हातात आलं. त्या आठवड्यात वाणी, दूधवाला, डॉक्टर सगळीकडे आजी मला घेऊन गेल्या आणि एकच वाक्य बोलल्या, “आमच्या शेजारचे आहेत हो.” उधारी त्या वाक्यावर सुरू झाली. पगाराची स्लिप कुणी पाहिली नाही.

तर गेल्या वर्षीच्या माघातली गोष्ट. एका रविवारी अण्णांनी कुंपणावर कप आपटून जाहीर केलं, “ह्या पाडव्यापासून माझ्या बागेत फक्त स्वदेशी झाडं. बाहेरचं एक पान ठेवणार नाही!”

“आणि कोण बाहेरचं, हे ठरवणार कोण?” चाचांनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. कागद तपासायचं काम निघालं की लोक आपोआप बँकवाल्याकडे पाहतात.

इथे जरा धंद्यातली गोष्ट सांगतो. पूर्वी बँकेत खातं उघडायला कागदापेक्षा माणूस लागायचा. अर्जावर एक रकाना असे, ‘ओळख देणाऱ्याचे नाव व सही’. जुना खातेदार तिथे सही करी, म्हणजे ‘ह्या गृहस्थांना मी ओळखतो’ अशी हमी देई. २००२ साली रिझर्व्ह बँकेने ‘आपला ग्राहक ओळखा’ असा आदेश काढला. त्यालाच केवायसी म्हणतात. तेव्हापासून माणसाला माणसाने ओळखायचं हळूहळू बंद झालं आणि कागदाने ओळखायला सुरुवात झाली. मी नोकरीला चिकटलो तेव्हा तो जुना रकाना शेवटचे श्वास घेत होता. तर ठरलं! अण्णांच्या बागेचं केवायसी करायचं. वाचनालयातून चार जाडजूड पुस्तकं आणून मी आठवडाभर रात्री जागलो आणि पुढच्या रविवारी लेजर उघडावं तशी वही उघडली.

“झेंडू,” मी म्हणालो. “मूळ गाव मेक्सिको.”

“दसऱ्याचा झेंडू?” अण्णा चमकले. “असेल एखादा. पुढचं घ्या.”

“निशिगंध. मेक्सिको.”

“अहो, नाव संस्कृत आहे!”

“नाव संस्कृत, जन्म मेक्सिकोतला. गुलबक्षी, अमेरिका खंड. इंग्रजीत तर तिला पेरू देशाचं नवल म्हणतात. आणि हा तुमचा पेरू. हा बिचारा नाव लपवण्याचाही प्रयत्न करत नाही, देशाची पाटी गळ्यात घालूनच उभा आहे.”

पुढची यादी मी भराभर वाचली. पपई, चिकू, सीताफळ, मिरची, सगळे अमेरिकेकडचे. सदाफुली मादागास्करची. जास्वंदीला लिनियसने १७५३ साली शास्त्रीय नाव दिलं त्याचा अर्थच ‘चीनचा गुलाब’. देवळाच्या आवारातला तो पांढरा देवचाफा अमेरिकेतून आलेला. सोनचाफा मात्र इथला, पास. बोगनवेल ब्राझीलची. बूगँविल नावाचा फ्रेंच दर्यावर्दी जगाच्या सफरीवर होता. त्याच्या ताफ्यातल्या कोमेरसाँ ह्या वनस्पतितज्ज्ञाने १७६७ साली रिओत ती पाहिली आणि कप्तानाचं नाव दिलं. साहेबाला खूश ठेवायची पद्धत बँकेच्याही आधीपासूनची आहे. ह्या कोमेरसाँचा मदतनीस म्हणून पुरुषाच्या वेषात झान बारे नावाची बाई जहाजावर होती. पुढे पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव झालं.

“झाडं गोळा करायची कामं तिनेच केली असतील आणि नाव लागलं कप्तानाचं,” आजी म्हणाल्या. “सगळ्या घरांत असंच!”

आजींना महाशिवरात्रीची काळजी पडली होती. “माझ्या खिचडीचं काय रे?”

“साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिकडचाच, शेंगदाणा तिकडचाच, मिरची तर सांगितलीच. तूप तेवढं आपलं.”

“मग पाचशे वर्षांपूर्वी लोक उपासाला काय करायचे?”

“उपास करत असतील,” चाचा म्हणाले.

अण्णांनी शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला. अंगणातल्या मोहरलेल्या हापूसकडे बोट दाखवून ते म्हणाले, “ह्याचे कागद काढा!”

आंबा आपलाच, त्याबद्दल वाद नाही. पण हापूस हे नाव आलं आफोंसो द आल्बुकर्कवरून. ह्याने १५१० साली गोवा जिंकलं. आंब्याची कलमं बांधण्याची कला पोर्तुगीज पाद्र्यांनी गोव्यात रुजवली आणि त्या कलमांतून हापूस निघाला. ‘कलम’ हा शब्दही अरबी आहे. लेखणीला कलम, झाडाला कलम आणि कायद्यालाही कलम. तिन्हीकडे कापाकापी आलीच. २०१८ साली ह्याच हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रायगडसकट कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या नावाने. म्हणजे नाव पोर्तुगीज आणि रेशनकार्ड कोकणचं.

“आम्हा बायकांना विचारा कलम म्हणजे काय ते,” आजी म्हणाल्या. “फांदी पेणची, बुंधा पनवेलचा. साठ वर्षं झाली, अजून सासरचे म्हणतात पेणकरीण.”

अण्णांच्या बागेत तुळस, कढीपत्ता, शेवगा, पारिजातक, अबोली, सोनचाफा आणि अर्धा हापूस एवढंच शिल्लक राहिलं. त्यातली अबोलीही चाचांनी श्रीवर्धनच्या वस्तीच्या गाडीतून आणून दिलेली. चाचांचा हा छंदच होता. रात्री गाडी जिथे मुक्कामाला, तिथून सकाळी एखादी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून केबिनमधे. पोर्तुगीजांनी गलबतांतून जे केलं ते चाचांनी लाल गाडीतून केलं. फरक एवढाच, की चाचा मालकाला विचारून फांदी घेत. कधी मालक झोपलेला असेल तर मनातल्या मनात विचारत.

अण्णा इतके गप्प झाले की मला माझ्याच वहीचा राग आला. शाखेत एखाद्या म्हाताऱ्याचे कागद पुरे पडत नाहीत आणि तो फाइल बगलेत मारून निघतो, तेव्हा काउंटरच्या आत जसं वाटतं तसंच वाटलं. खरं तर पनवेलात राहून ‘बाहेरचं’ म्हणून नाक मुरडायचं तरी कुणी? हे गावच बंदराचं. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. तेव्हा मुंबईचा माणूस होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि इथून पुण्याची वाट धरायचा. १८५२ साली इथे नगरपालिकाही आली. १८६३ मध्ये आगगाडी घाट चढू लागली आणि बंदराची वर्दळ ओसरली. पुढे १९७० साली सिडको स्थापन झाली, १९९८ साली लोकल आली, २०१६ साली महानगरपालिका झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या विमानतळाचं उद्घाटनही झालं. म्हणजे बोटीतून, बैलगाडीतून, लोकलमधून इथे सतत कुणीतरी उतरतंच आहे. उतरलेल्याला रस्ता दाखवणं हाच ह्या गावाचा मूळ धंदा.

पुस्तकांत मला आणखी एक गृहस्थ भेटले होते, गार्सिया द ओर्ता. पोर्तुगीज वैद्य, गोव्यात राहणारा. मुंबई बेट त्याने भाडेपट्ट्याने घेतलं होतं आणि तिथे त्याची बाग होती. म्हणजे आमच्या खाडीपलीकडचा शेजारीच. १५६३ साली त्याने इथल्या झाडापाल्यावर गोव्यात एक पुस्तक छापलं आणि ते लिहिलं संवादाच्या रूपात. प्रश्न विचारायला रुआनो नावाचा एक काल्पनिक मित्रही उभा केला. मला ओर्ताची दया आली. बागेच्या गप्पांना माणूस हवा म्हणून त्याला एक रचावा लागला. आम्हाला कुंपणाशी तीन फुकट मिळाले होते.

हे सुचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी उठून वहीत ‘मूळ गाव’ हा रकाना खोडला आणि तिथे लिहिलं, ‘ओळख देणारा’. मग माझ्याच बागेची खतावणी भराभर झाली. मोगरा, आजी. अबोली, चाचा. गुलबक्षी, अण्णा. तिचं बी त्यांनी शाळेच्या जुन्या पेपराच्या पुडीत दिलं होतं, आणि पुडीवर कुणाचेतरी शंभरपैकी सतरा मार्क होते. एकही झाड असं निघालं नाही की ज्याला ओळख देणारा नव्हता. सकाळी वही अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “झेंडूपुढे माझ्या सौभाग्यवतीचं नाव घाला. लग्नानंतर पहिलं बी तिने पेरलं होतं.” त्या जाऊन सहा वर्षं झाली होती. स्वदेशीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्याच महिन्यात आजींनी बातमी दिली. घर पुनर्विकासाला गेलं होतं. मुलगा न्यू जर्सीला, तो पाडवा झाला की घेऊन जाणार. आजींनी मला एकच गोष्ट विचारली, “मोगरा नेता येईल का रे? एवढासा. पर्समधे.”

मी नियम पाहिले. परवानगीशिवाय रोप न्यायचं नाही, आणि माती तर नाहीच. ज्या देशांतून झेंडू, गुलबक्षी, मिरची, बटाटा बिनपासपोर्ट इथे आले, त्या बाजूला जाताना आजींच्या वीतभर मोगऱ्याला बंदी. मी हे गमतीने सांगितलं. आजी हसल्या नाहीत.

“मोगऱ्याचं राहू दे,” त्या म्हणाल्या. “पण मला तिथे कोण ओळखणार?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अर्जावरचा तो रकाना आम्हीच काढून टाकलेला.

पाडव्यानंतर आजी गेल्या. कुंड्या वाटल्या गेल्या, घर पाडलं गेलं, डावीकडे पत्रे उभे राहिले. पत्र्यांवर कोपर टेकता येत नाही. चाचा आता रस्त्यावरून वळसा घालून अण्णांच्या बाजूला येतात.

मे महिन्यात एका रात्री फोन वाजला. आजी! तिकडे सकाळ होती आणि वसंतही.

“अरे, गंमत झाली. मुलगा-सून कामावर गेलेली. शेजारची बाई कुंपणाशी आली, हातात रोपांचा ट्रे. ती इंग्रजीत बोलतेय, मी मराठीत बोलतेय. नाव सांगत होती रोपाचं, मला कळेना. मग मी एक पान चुरडलं आणि वास घेतला.”

“मग?”

“मग काय! आपला झेंडू रे! ह्याला मी ओळखते म्हटलं. तिला खुणेने सांगितलंय, फुलं आली की दाराला तोरण करून देईन.”

आजींनी मग मोगऱ्याला कळ्या आहेत का ते विचारलं, पाणी बेताने घालायला सांगितलं आणि बिल वाढेल म्हणून घाईने फोन ठेवला. तो फोन फुकटाचा असतो हे त्यांना अजून पटलेलं नाही.

मी वही काढली. ‘आजी’ असं नाव लिहिलं आणि ‘ओळख देणारा’ ह्या रकान्यात ‘झेंडू’. बँकेच्या नियमात हे बसत नाही. पण आज पुन्हा माघ संपत आलाय, थंडी निघून गेलीय, मोगऱ्याला पालवी फुटलीय आणि अण्णा कुंपणावर कप आपटून मला हाका मारताहेत. लेखापरीक्षकांना काय ते नंतर सांगू.