घरी शिकलेल्यांची हजेरी कुणी घेतली?

पेट किंवा नेट-सेटची तयारी करणारी मंडळी विषय ठरवताना एक वाक्य हमखास बोलतात : "विषय आवडलाय, पण त्यावर डेटाच नाही." मला हे वाक्य ऐकलं की बरं वाटतं. बऱ्याचदा खरा विषय त्या "डेटाच नाही"मध्येच दडलेला असतो. आज त्याचं एक उदाहरण बघू. विषय आहे घरी शिकण्याचा, म्हणजे आज ज्याला होमस्कूलिंग म्हणतात त्याच्या इतिहासाचा. आणि जागा आपलीच, महाड-पोलादपूर.

होमस्कूलिंग म्हटलं की पुण्या-मुंबईचे, ठरवून शाळा नाकारलेले पालक डोळ्यांसमोर येतात. पण सरकारी शाळा गावोगाव पोचण्याआधी अक्षर आणि हिशेब यांतलं बरंचसं घरातच व्हायचं. कुलकर्ण्याचा मुलगा बापाच्या शेजारी बसून मोडी आणि जमाखर्च शिकायचा, कारण पुढे वतन त्यालाच चालवायचं असायचं. वाण्याचा मुलगा दुकानातच तोंडी हिशेब शिकायचा. धूळपाटीवर अक्षरं काढायची, मग कित्ता गिरवायचा. तिन्हीसांजेला दिवा लागला की परवचा : पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी आणि जोडीला श्लोक. गावात पंतोजी असलाच तर दिवसा त्याच्याकडे, पण पाठांतर पक्कं व्हायचं ते घरच्या ओसरीवर. आता विचार करा, या ओसरीवरच्या शिक्षणाची नोंद कुठे झाली असेल? पंतोजीची शाळा निदान कुणाला तरी दिसायची. परवचा कोण मोजणार?

मोजायचा प्रयत्न झाला, आणि तिथेच गंमत आहे. 1820च्या दशकात कंपनी सरकारने मद्रास आणि मुंबई इलाख्यांत देशी शाळांची माहिती मागवली. मुंबई इलाख्यात 1,705 शाळा आणि सुमारे 35 हजार मुलं, असा आकडा निघाला. मद्रासमध्ये गव्हर्नर थॉमस मन्रो याने 1826 साली हाती आलेल्या आकड्यांवर टिपण लिहिलं : 12,498 शाळा, 1 लाख 88 हजारांवर विद्यार्थी. पण त्यातली एक नोंद फार महत्त्वाची आहे. खुद्द मद्रास शहरात घरी शिकणाऱ्या मुलांचा आकडा 26 हजारांवर होता, शाळेत जाणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट! मन्रोला स्वतःलाच तो जास्त वाटला. त्यात चूक असावी असं त्याने लिहूनही ठेवलं. तरी घरी शिकणाऱ्यांची संख्या मोठीच असणार हे त्याने मान्य केलं, आणि बाकीच्या जिल्ह्यांतून घरी शिकणाऱ्यांचे आकडे आलेलेच नाहीत हेही नोंदवलं. प्रशासक असून हा माणूस मला चांगला संशोधक वाटतो. संशयास्पद आकडा त्याने खोडला नाही, संशयासकट ठेवला.

पुढे या आकड्यांवरून मोठा वाद झाला. 1931 साली लंडनमध्ये गांधीजी म्हणाले की पन्नास-शंभर वर्षांपूर्वीपेक्षा आज भारत जास्त निरक्षर आहे. फिलिप हार्टॉग यांनी त्यांच्याकडे पुरावा मागितला आणि 1939च्या पुस्तकात हे विधान खोडून काढलं. मुंबईचे रा. वि. परुळेकर त्यांच्याशी भिडले. जुन्या पाहण्या अपुऱ्या होत्या, त्यांतून बरंच शिक्षण निसटलं, घरचं शिक्षण तर जमेलाच धरलं नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. 1983 साली धरमपाल यांनी मद्रासची कागदपत्रं छापली आणि वाद पुन्हा पेटला. तुम्ही कोणत्या बाजूचे हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. पाहणीचा तक्ता शाळेसाठी आखलेला होता, म्हणून त्यात शाळाच दिसल्या.

मी मूळची रसायनशास्त्राची, म्हणून मला हे शोधमर्यादेसारखं वाटतं. प्रयोगशाळेत नमुन्यात शिसं सापडलं नाही तर आपण "शिसं नाही" असं लिहीत नाही. "यंत्राच्या शोधमर्यादेपेक्षा कमी" असं लिहितो. आणि ती मर्यादा किती, तेही लिहावं लागतं. इतिहासातल्या आकड्यांना ही शिस्त फारसं कुणी लावत नाही.

घरचं शिक्षण मोजता येतच नाही, असंही नाही. जगात एके ठिकाणी ते चांगलं शंभर-दीडशे वर्षं मोजलं गेलं : उत्तर युरोपातल्या थंड, विरळ वस्तीच्या मुलखात. आइसलँडमध्ये गावंच नव्हती म्हणा ना, एकेक शेतघर दुसऱ्यापासून कोसभर लांब, मध्ये बर्फ. शाळा काढणार कुठे? हिवाळ्याच्या लांबलचक रात्री सगळं घर एका खोलीत बसायचं, बाकीचे लोकर कातायचे-विणायचे आणि एकजण मोठ्याने वाचायचा. या बैठकीला ते क्वोल्दवाका म्हणतात, म्हणजे संध्याकाळची जागरणी. आपल्या परवच्याची थंडीतली बहीणच. 1741 ते 1745 या काळात लुडविग हार्बो नावाचा डॅनिश धर्माधिकारी देशभर फिरून कुणाला वाचता येतं हे तपासत होता. त्यानंतर मुलांना घरी वाचायला शिकवणं आईबापांवर बंधनकारक झालं आणि त्यावर देखरेख पाद्र्याची. 1907 साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला, तोसुद्धा दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी. त्याआधीचं काम घराचंच मानलं गेलं.

स्वीडनमध्ये तर 1686च्या चर्च कायद्यापासूनच वाचन अपेक्षित होतं. पाद्री घरोघरची परीक्षा घ्यायचा आणि वहीत प्रत्येक माणसापुढे वाचनाचा शेरा मारायचा, घरच्या गड्या-मोलकरणींपुढेसुद्धा. उमिओ विद्यापीठाच्या एगिल योहान्सन यांनी 1970च्या दशकात या वह्यांवरून साक्षरतेचा इतिहास मांडला. अर्थात या वह्यांनाही मर्यादा होतीच. वाचायला यायचं त्यांतल्या अनेकांना लिहिता येत नव्हतं, कारण पाद्र्याला लिहिण्याशी घेणं नव्हतं. शिवाय पाठ असलेली प्रश्नोत्तरी "वाचून" दाखवणारे किती, यावर अजून चर्चा होते.

आता महाडला परत येऊ, कारण इथे एक प्रश्न उभा राहतो जो स्वीडनच्या वह्यांत येत नाही. तिथे पाद्री सगळ्यांच्या घरी जायचा. आपल्याकडे "घरी शिकले" म्हणताना घर कुणाचं?

महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत दासबोध लिहिला गेला अशी परंपरा आहे. त्याच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास चक्क अक्षर कसं काढावं यावर आहे. लेखणी, शाई, ओळी, समास, सगळं आहे. हस्ताक्षराच्या वर्गाला आजही चालेल इतका व्यवहारी मजकूर. पण तो बोलतो कुणाशी हे सुरुवातीलाच स्पष्ट आहे : ब्राह्मणाशी. त्या घरात लेखणी आधीच होती. घरचं शिक्षण घरात असलेल्यातूनच होतं, हा साधा मुद्दा "पूर्वी घरोघरी शिक्षण होतं" म्हणणाऱ्यांच्या हातून निसटतो. पोलादपूरकडच्या डोंगरातल्या धनगरवाड्यांवर पोरं जे शिकत होती, जनावरं, झाडपाला, पावसाचा अंदाज, ते शिक्षणच होतं. पण त्याने सावकाराच्या वहीतला आकडा वाचता येत नव्हता. लेखणी असलेल्या घरांतही मुलीच्या हाती ती सहसा लागत नसे.

आणि ज्यांच्या घरात लेखणी येऊच दिली नाही त्यांचं काय? या पट्ट्यातल्या अनेक महार कुटुंबांत ती आली पलटणीतून. मुंबई लष्करात सैनिकांच्या मुलांसाठी शाळा असायच्या. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाले आणि 1888 साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. आपल्या मुलाला, भीमरावांना, ते घरी शिकवायचे. तर्खडकरांची पुस्तकं पाठ करून घ्यायचे. पुढे परळच्या एका खोलीत मुलाला पहाटे दोनला अभ्यासाला उठवायचे, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. घरच्या शिक्षणाचं याहून मोठं उदाहरण महाराष्ट्रात शोधावं लागेल. पण रामजींना शाळा नको होती म्हणून ते घरी शिकवत नव्हते. शाळेत मुलाला गोणपाटावर वेगळं बसावं लागायचं.

महाडजवळच्या लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे 1903 साली जन्मले. हुशार विद्यार्थी, तरी महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. त्याबद्दलचं त्यांचं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं, तेव्हा प्रवेश मिळाला, पण बसायचं वर्गाबाहेर. हेच मोरे 19 आणि 20 मार्च 1927च्या महाड परिषदेचे प्रमुख संघटक. चवदार तळं सगळ्यांच्या लक्षात राहिलं, ते योग्यच. पण ज्या बोले ठरावाच्या आधारावर ते पाऊल पडलं, त्या 4 ऑगस्ट 1923च्या ठरावात पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही होत्या. म्हणून शाळेला विरोध करणारं, फक्त घराचं गुणगान करणारं लिखाण मी वाचते तेव्हा मला महाड आठवतं. इथे शाळेच्या दारासाठी माणसं झगडली आहेत.

म्हणजे घरचं शिक्षण कमी प्रतीचं का? तसंही नाही. रामजींनी जे केलं ते कोणत्या शाळेने केलं असतं?

आजचंच बघा. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर सहा ते चौदा वयाचं जे मूल पटावर नाही ते सर्वेक्षणात "शाळाबाह्य". वीटभट्टीवरचं मूल आणि आईबाप ठरवून घरी शिकवतात ते मूल, दोघं एकाच रकान्यात. उलट मार्च 2020 नंतर शाळा बंद झाल्या. पोलादपूरच्या वाड्यांवरची मुलं रेंजसाठी टेकाडावर चढत होती किंवा सरळ गुरांमागे जात होती, पण पटसंख्या कागदावर जशीच्या तशी. 1820च्या दशकात मूल घरी शिकत होतं आणि नोंद नव्हती. 2020 साली नोंद होती आणि मूल घरी होतं. दोनशे वर्षांत रकाने वाढले, पण ते अजून शाळेच्याच दारात उभे आहेत.

तर मग पुरावा शोधायचा कुठे? मला सध्या एक जागा खुणावते आहे, ती म्हणजे जुन्या मराठी शाळांची जनरल रजिस्टरं. त्यात दाखल होतानाचं वय असतं, दाखल इयत्ता असते आणि "यापूर्वीची शाळा" हा रकाना असतो. एखादं मूल थेट दुसरीत किंवा तिसरीत दाखल झालं असेल आणि आधीच्या शाळेचा रकाना रिकामा असेल, तर ते अक्षरं कुठेतरी शिकून आलंय. एक रिकामा रकाना म्हणजे कारकुनाचा कंटाळा असू शकतो. एकाच आळीतली, एकाच व्यवसायाच्या घरांतली पंधरा-वीस मुलं अशी सापडली, तर मात्र थांबून बघावं लागेल. कुणाच्या गावच्या शाळेत अशी जुनी रजिस्टरं शिल्लक असतील, तर मुख्याध्यापकांची रीतसर लेखी परवानगी घेऊन आधी फक्त हे तीन रकाने उतरवून काढा. नावं उतरवायची गरज नाही.