पाळणाघर, अंगणवाडी आणि कामकरी आई

आम्ही संघटनेची माणसे. शाळेचा लाभ आम्हांला फारसा झाला नाही. बालसंगोपनाचा प्रश्न आम्हांला भेटला तो ग्रंथांत नव्हे, तर गेटसभेत. पाळीला निघालेली बाई विचारी, "पोराला कोणाच्या पदरी टाकू?"

कायद्याने याचे एक उत्तर दिले होते. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली पन्नासांचे तीस झाले. १९६६ च्या विडी कामगार कायद्यातही पाळणाघर होते. परंतु पुण्यातली विडी वळणारी बाई बहुधा सूप मांडीवर घेऊन घरीच बसे. मोलकरीण चार घरी राबे, कागदकाच वेचणारी गल्लोगल्ली हिंडे. ही मंडळी कोणत्याच हजेरीपटावर नव्हती. मग त्यांची मुले कोण मोजणार?

दुसरे उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दिले. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी काम आरंभिले, पुढे ते कोसबाडला गेले. गरिबांची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना बोल लावला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशभरातील ३३ प्रकल्पांतून सुरू झाली, तेव्हा पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि शाळापूर्व शिक्षण या कामांच्या केंद्राला हेच नाव मिळाले.

आता अशा कामाचे मूल्यमापन कसे करावे? वजनाचा तक्ता आणि आहाराची नोंद हवीच. त्यावाचून कुपोषण दिसतच नाही. पण तेवढ्याने भागत नाही. अंगणवाडी दुपारी मिटते आणि आईचे काम संध्याकाळी सुटते. मधल्या वेळी थोरली बहीण शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते. तिची बुडलेली शाळा धाकट्याच्या तक्त्यात कोठे लिहिली जाते?

आणखी एक माप आहे. मुलांना वाढविणाऱ्या सेविकेला 'मानसेवी' म्हटले गेले, वेतनाऐवजी मानधन दिले गेले. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले. आणि डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका-मदतनिसांना संपावर जावे लागले.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. योजना तपासायला येणाऱ्याने वही उघडण्यापूर्वी तिघींना विचारावे : आईला, सेविकेला आणि कडेवर भावंड घेऊन दारात उभ्या असलेल्या त्या थोरल्या मुलीला.