विषम लढतीचा अभ्यास : सुलतान खान विरुद्ध कापाब्लांका

दुबळ्या मानल्या गेलेल्या बुद्धिबळपटूने बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला हरविले, की त्याचे श्रेय बहुधा नशिबाला दिले जाते. डाव पटावर पुन्हा मांडून पाहिल्याखेरीज असा निवाडा करणे अन्यायाचे ठरते. इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे १९३०-३१ च्या स्पर्धेत मीर सुलतान खान व होसे राउल कापाब्लांका यांच्यात झालेला डाव याचे उत्तम उदाहरण होय.

क्यूबाचा कापाब्लांका १९२१ ते १९२७ या काळात जगज्जेता होता. १९१६ पासून १९२४ पर्यंत त्याने एकही स्पर्धात्मक डाव गमावला नव्हता. सुलतान खान हा पंजाबातील जमीनदार सर उमर हयात खान यांच्या पदरी होता. तो भारतीय पद्धतीचे बुद्धिबळ शिकला होता. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जात असे. त्यामुळे पाश्चात्त्य डावाच्या प्रारंभीच्या चालींचा त्याचा अभ्यास तोकडा होता. तरीही १९२९ मध्ये त्याने ब्रिटिश विजेतेपद पटकाविले.

हा डाव प्रथम न थांबता खेळून पाहावा. दुसऱ्या वेळी २१ व्या चालीपाशी थांबून पुढील चाली झाकून ठेवाव्यात. येथे कापाब्लांकाने हत्ती सी-१ वर नेऊन शह दिला आणि अवघ्या तीन चालींत दोन हत्ती देऊन पांढऱ्याचा वजीर मिळविला. प्रचलित हिशेबाने दोन हत्तींचे मोल दहा, वजिराचे नऊ. या स्थितीत आपण कोणती बाजू पत्करू, हे वाचकाने कागदावर लिहावे आणि मगच पुढे जावे.

वजिराचे सामर्थ्य मोकळ्या पटावर खुलते. येथे मध्यभाग प्याद्यांनी गोठलेला होता. काळा वजीर बी-३ पर्यंत घुसला. परंतु पांढऱ्याने एका हत्तीने बी-२ वरील प्यादे राखले व २९ व्या चालीत दुसरा हत्ती सी-३ वर आणून त्याला हुसकावले. पुढे घाई न करता त्याने फास आवळत नेला. ६५ व्या चालीअखेर कापाब्लांकाने हार मानली.

स्पर्धेत मॅक्स युवे पहिला, कापाब्लांका दुसरा आणि सुलतान खान तिसरा आला. १९६६ मध्ये निधन पावलेल्या सुलतान खानला जागतिक बुद्धिबळ महासंघाने २०२४ मध्ये मानद ग्रँडमास्टर किताब दिला. त्याची योग्यता मात्र या ६५ चालींत तेव्हाच नोंदली गेली होती.