बर्फ सरला, वाट झाली

मुलं तेरा-चौदा वर्षांची झाली की आई-बापांच्या सहलीत रमत नाहीत. अशा घराने थंड हवेची समुद्रसफर निवडताना अलास्कातल्या ग्लेशियर बेचा इतिहास जाणून घ्यावा.

१७९४ मध्ये व्हँकूव्हरच्या मोहिमेला या आखाताच्या तोंडाशीच बर्फाची भिंत दिसली. १८७९ मध्ये जॉन म्यूर होडीतून गेला, तेव्हा बर्फ साठेक किलोमीटर मागे हटला होता. १८८३ मध्ये ‘आयडाहो’ आगबोट प्रवाशांसह आत शिरली. १८९९ च्या भूकंपाने हिमखंडांचा खच पडला आणि सफरी थांबल्या.

आज इथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. म्हणून तिकीट काढताना जहाजावरच्या करमणुकीआधी मार्ग विचारावा. ज्या म्यूर हिमनदीसाठी पहिले प्रवासी आले, ती आता समुद्रापर्यंत पोचत नाही. डेकवर कुडकुडत हे ऐकलेलं मूल ते सहसा विसरणार नाही.