रोडगा

रोडगा (अनेकवचन: रोडगे) हा गव्हाच्या जाडसर पिठाचा, पदर देऊन वळलेला व गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेला गोळा असून वऱ्हाडातील सामुदायिक जेवणाचा तो एक प्रमुख पदार्थ आहे. अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे व आसपासच्या गावांपासून अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम जिल्ह्यांपर्यंत, तसेच वर्धा नदीपलीकडे वर्धा व नागपूर जिल्ह्यांतही तो केला जातो. वांग्याची रस्सेदार भाजी, तुरीचे वरण आणि तूप यांच्यासह तो खातात. दोन-चार माणसांसाठी रोडगे सहसा केले जात नाहीत. एवढा विस्तव पेटवायचा तर पंगत तेवढी मोठी हवी, असा त्यामागील साधा हिशेब आहे.

जुना उल्लेख

सोळाव्या शतकातील पैठणचे संत एकनाथ यांच्या भवानीला उद्देशून रचलेल्या भारुडात रोडग्याचा उल्लेख येतो. सासरच्या माणसांना कंटाळलेली सून, ती सारी दूर झाल्यास देवीला रोडगा वाहण्याचा नवस त्यात बोलते. भारुडाचा आध्यात्मिक अर्थ वेगळा असला, तरी नवसाला रोडगा वाहण्याची रीत श्रोत्यांच्या परिचयाची असल्याखेरीज हा विनोद साधला नसता. वऱ्हाडात आजही मारुतीला रोडग्यांचा नैवेद्य दाखविण्याची प्रथा आहे.

कृती

रोडग्याचे पीठ पोळीच्या पिठापेक्षा जाडे दळलेले असते. ते तसे नसल्यास बारीक पिठात थोडा रवा मिसळतात. एक किलो पिठास साधारणपणे १०० ते १५० ग्रॅम तेलाचे मोहन, दोन चमचे मीठ व दोन चमचे ओवा घालून कणीक घट्ट भिजवितात. कणीक सैल झाल्यास गोळा निखाऱ्यांत बसका होतो आणि त्याला राख चिकटते. एवढ्या पिठात मध्यम आकाराचे आठ ते दहा रोडगे होतात.

खरे कौशल्य पदर देण्यात आहे. लहान पुऱ्या लाटून प्रत्येकीवर तेलाचा हात फिरवितात, तीन-चार पुऱ्या एकावर एक ठेवतात आणि सर्वांत मोठ्या पारीत त्या गुंडाळून गोळा बंद करतात. तेलामुळे पदर एकमेकांस चिकटत नाहीत व भाजताना आत कोंडलेल्या वाफेने ते सुटे होतात. नुसता भरीव गोळा वळून भाजला तर वरचे कवच करपते आणि मध्यभाग कच्चा राहतो. अशा कच्च्या रोडग्याने पोट जड होते आणि दोष मात्र बिचाऱ्या वांग्याच्या भाजीवर जातो.

गोवऱ्या रचून पेटविलेल्या विस्तवास जगरा म्हणतात. ज्वाला व धूर असेपर्यंत त्यात रोडगे ठेवीत नाहीत, कारण धुराचा वास कणकेत उतरतो. गोवऱ्या लाल होऊन वर राखेचा पापुद्रा आला, की निखारे पसरून त्यांवर गोळे मांडतात आणि उलटसुलट करीत सर्व बाजूंनी भाजतात. शेवटी ते गरम राखेत काही काळ झाकून ठेवल्यास आतपर्यंत शिजतात. याला एकंदर अर्धा ते पाऊण तास लागतो. काडी खुपसून ती कोरडी निघाली म्हणजे रोडगा झाला, असे समजतात. नंतर रोडगे जाड फडक्यात किंवा स्वच्छ पोत्यात घालून घोळतात, त्यामुळे राख झडून जाते.

पंगत

रोडग्यांचे जेवण बहुधा शेतात, नदीकाठी किंवा मारुतीच्या देवळापुढे होते. निमित्त नवसाचे, पीक घरी आल्याचे अथवा केवळ नातेवाईक एकत्र जमल्याचे असते. शिधा अनेकदा वाटून आणला जातो; कोणी गहू देतो, कोणी तूप, आणि ज्याच्या शेतात वांगी असतील त्याच्याकडे ती आपोआप लागतात. घरी स्वयंपाकघरात न फिरकणारे पुरुष येथे कणीक तिंबताना व जगऱ्यापाशी बसलेले दिसतात.

भाजीत कांदा, लसूण, खोबरे, शेंगदाणे व भरपूर तिखट असते आणि वरून सांबार घालतात. वऱ्हाडी बोलीत सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्याचा येथे हमखास घोटाळा होतो. रोडगा हाताने फोडून कुस्करतात, त्यावर तूप सोडतात आणि वरण किंवा भाजीचा रस्सा कालवून खातात. मुलांसाठी तोच कुस्करा गूळ व तूप घालून गोड करतात.

साम्य असलेले पदार्थ

राजस्थान व माळव्यातील बाटी आणि बिहारमधील लिट्टी हे रोडग्याचे जवळचे नातलग होत. लिट्टीत सातूच्या पिठाचे सारण असते, तर माळव्यातील बाफला भाजण्यापूर्वी उकडून घेतात. पानगा हा पदार्थही याच कुळातला आहे. तो चपटा असून पानांत ठेवून भाजला जातो. खानदेशात श्रावणात कानबाईचे रोट करतात, तेही घरातील सर्व माणसांनी मिळून खायचे असतात.

बदलते स्वरूप

घरोघरची गुरे कमी झाल्याने गोवऱ्या पूर्वीसारख्या सहज मिळत नाहीत. शहरांत रोडगे गॅसवरील तंदूरमध्ये किंवा विजेच्या भट्टीत भाजले जातात आणि काही ठिकाणी ते वाफवून तळलेही जातात. भट्टीत उष्णता सर्व बाजूंनी सारखी लागत असल्याने रोडगा कच्चा राहण्याची भीती कमी होते. मात्र निखाऱ्यांवरील कवचाची खरपूस चव त्यात येत नाही. शेतात जगरा पेटविताना वाऱ्याची दिशा पाहणे व जेवणानंतर निखारे पाण्याने पूर्ण विझविणे आवश्यक असते, कारण गोवरीचा विस्तव राखेखाली दीर्घकाळ धुमसत राहतो आणि कापणीच्या दिवसांत भोवताली वाळलेला काडीकचरा असतो. उरलेले रोडगे दुसऱ्या दिवशी कुस्करून कांदा व हिरव्या मिरचीच्या फोडणीत परततात.