पिंपरी-चिंचवड ते चाकण : नियोजनात गावाचे स्थान

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याचे नियोजन साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्यात उद्योजकांचा आवाज सुरुवातीपासून होता. गावकऱ्यांना बोलण्याची वेळ मात्र बहुधा आराखडा तयार झाल्यावरच आली.

उद्योजकांची संघटना या पट्ट्याहून जुनी आहे. मराठा चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना पुण्यात १९३४ साली झाली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६१ च्या कायद्यानुसार १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, स्थापन झाले. पुढे आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को आल्यावर भोसरीच्या लहान कारखान्यांना सुट्या भागांचे काम मिळू लागले.

एमआयडीसीच्या कायद्याने जमीन घेण्यापूर्वी मालकाला आणि जमिनीत हितसंबंध असलेल्या इतरांना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकण्याची तरतूद केली. त्यामुळे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला बाजू मांडता आली. त्याच शिवारावर पोट असलेले शेतमजूर आणि बलुतेदार या सुनावणीबाहेर राहिले.

नागरी भागासाठी १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने वेगळी वाट दिली. विकास आराखड्याचा मसुदा जाहीर करायचा, हरकती व सूचना मागवायच्या आणि नियोजन समितीपुढे सुनावणी घ्यायची. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. दरम्यान, कामगारवस्तीच्या गरजेतून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले. निगडी परिसरातील ज्यांच्या जमिनी प्राधिकरणाने घेतल्या, त्यांची साडेबारा टक्के विकसित जमिनीच्या परताव्याची मागणी अनेक दशके चालली. हे प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झाले.

मनुष्यबळाच्या नियोजनातही उद्योजक आणि गावकरी यांच्यातील हीच विभागणी दिसते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर प्रशिक्षणाची जबाबदारी टाकली आणि आयटीआय झालेल्या अनेक तरुणांना त्यातून वाट मिळाली. २००७ च्या सुमारास केंद्राच्या योजनेत १,३९६ सरकारी आयटीआय उद्योगांशी जोडल्या गेल्या आणि त्यांच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद उद्योगाच्या प्रतिनिधीकडे गेले. कोणते कौशल्य शिकवायचे, याचा निर्णय त्यामुळे कारखान्याच्या गरजेजवळ आला. मात्र जमीन गेलेल्या घरातील मुलाला पुढच्या वीस वर्षांत कोणते काम मिळेल, याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती. भूमिपुत्रांना नोकऱ्यांत प्राधान्य देण्याची मागणी त्यातूनच सतत उठत राहिली.

चाकणला बजाजपाठोपाठ २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आल्या. याच काळात खेड तालुक्यातील विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन देणाऱ्यांना १५ टक्के विकसित जमिनीच्या परताव्याचे आश्वासन मिळाले. पुढे हा परतावा कंपनीच्या भागधारणेशी जोडला गेला आणि त्यावरून आंदोलने झाली. पाण्याचा वाद अधिक तीव्र होता. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती महामार्गावरील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा मृत्यू झाला. योजनेचे काम अनेक वर्षे थांबले.

नियोजनात गावांच्या प्रतिनिधींना जागा देणारी तरतूद कायद्यात आहे: ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली. तिच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांची निवड नगरसेवक आणि ग्रामीण पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून करायची आहे. या पट्ट्यासह पुणे महानगर प्रदेशासाठी २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजेच पीएमआरडीए, स्थापन झाले. त्याच्या २०२१ च्या प्रारूप आराखड्यावर ६० हजारांहून अधिक हरकती आल्या आणि अखेर २०२५ मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला.

इतक्या हरकतींचा अर्थ स्पष्ट आहे. लोकांना नियोजनात भाग घ्यायचा आहे. जमीन, पाणी आणि रोजगार यांचा विचार एकत्र करून ग्रामसभा, कामगार संघटना आणि आयटीआय यांना मसुदा लिहितानाच सामील केले, तर हाच सहभाग विरोधाऐवजी आराखड्याचा आधार होईल.